कोपराची जागा

सुईबाईंची करंगळी पहिल्यांदा कुणीतरी धरली ती एका मंगळवारी, दुपारी तीनच्या सुमाराला.

धरायला तिथं कुणी नव्हतं, ही गोष्ट वेगळी. लाँड्रीच्या मागच्या खोलीत त्या एकट्याच बसल्या होत्या. पाठीमागे लोखंडी दांडीवर धुऊन आलेले कोट ओळीनं टांगलेले, समोर टेबल, टेबलावर लांब मानेचा दिवा, आणि हातात एका वकिलाची राखाडी पँट, जिच्या गुडघ्यावर सिगारेटच्या ठिणगीनं वाटाण्याएवढं भोक पाडलं होतं. चार धागे बसवून झाले, पाचवा सुईत ओवला, आणि डाव्या हाताची करंगळी कुणीतरी चिमटीत धरून हलकेच ओढली. रस्ता ओलांडताना लहान मुलाची धरतात तशी. सुईबाईंनी वळून पाहिलं. मागे कोट होते आणि कोटांच्या आत कुणीही नव्हतं.

त्यांनी हात झटकला तेव्हा पकड सुटली. वारं लागलं असेल, असं त्या स्वतःशी म्हणाल्या आणि पुन्हा कामाला लागल्या. त्या खोलीला खिडकी नव्हती.

सुईबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव चांगलं चार अक्षरी होतं, पण ते फक्त बँकेच्या आणि दवाखान्याच्या कागदांवर निघायचं. लाँड्रीत त्या सुईबाई, कारण त्या रफू करत. पंचवीस वर्षं त्याच खोलीत, त्याच खुर्चीवर, आणि कामात अशा की गिऱ्हाईक कोट घेऊन दारातल्या उजेडात उभं राहायचं, उलटसुलट करायचं, कापडावर नाक घासायचं आणि शेवटी विचारायचं, भोक नक्की ह्याच कोटाला होतं ना? सुईबाई नुसत्या चष्म्यावरून बघायच्या. वर्षातून पाच-सहा वेळा हे सुख मिळायचं आणि तेवढ्यावर त्यांचं वर्ष निघायचं.

ही विद्या मावशीची. आई लवकर गेली तेव्हापासून मावशीनंच त्यांना सांभाळलं, आणि सांभाळायचं म्हणजे सकाळी आपल्याबरोबर लाँड्रीत न्यायचं, कारण घरी बघायला दुसरं कुणी नव्हतं. लाड करणं मावशीच्या स्वभावात नव्हतं. रस्त्यानं चालताना ती पोरीचा अख्खा हात कधी धरायची नाही. एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हाताच्या दोन बोटांत पोरीची करंगळी, बस्स. सुटली तर सुटली, असा सगळा थाट. पण इतक्या वर्षांत पोर एकदाही सुटली नाही, हेही सांगितलं पाहिजे.

रफू म्हणजे शिवण नव्हे. शिवण दिसते. रफू करणारी बाई त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतून धागे काढते आणि भोकाच्या जागी एक उभा, एक आडवा असं नवं कापडच विणते. गिऱ्हाइकाला वाटतं, सुई धरलेला वरचा हात काम करतो. खरं काम खालच्या हाताचं. डाव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट कापडाची कड ताणून धरतात आणि शेवटची दोन बोटं, अनामिका आणि करंगळी, कापडाखाली उताणी पसरतात. सुई खाली उतरते, बोटाच्या कातडीला जेमतेम टेकते आणि तिथूनच मागे फिरते. सुई टेकलेली बोटाला कळली पाहिजे, पण टोचता कामा नये. इतर ठिकाणी ह्या कामाला दुसरी बोटं वापरतात म्हणे. मावशीची रीत ही अशी होती.

आणि हा हात तसूभरही हलू नये म्हणून डावं कोपर टेबलाच्या कडेला रोवायचं. मावशीचा हा एकच नियम होता आणि तो ती लाकडी पट्टीनं शिकवायची. कोपर उचललं की पट्टी बसलीच. "कोपर टेक. कोपर हललं की टाका हलतो," एवढंच ती म्हणायची, आणि दिवसातून वीस वेळा म्हणायची. टेबलाच्या डाव्या कडेला एक खळगा होता, लहानशा वाटीएवढा, गुळगुळीत. कुठल्या सुतारानं तो कोरला नव्हता. छत्तीस वर्षं एकाच जागी टेकून टेकून तो मावशीच्या कोपरानं पाडला होता. सुईबाईंचं कोपर त्यात पहिल्यांदा नीट बसलं तेव्हा त्या पंधरा वर्षांच्या होत्या. त्या दिवशी मावशीनं पट्टी खणात ठेवून दिली.

मावशीच्या शेवटच्या वर्षांबद्दल सुईबाई कुणाशी बोलत नसत. नवऱ्याशीसुद्धा नाही.

मावशीच्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटं आकड्यासारखी आत वळली होती आणि सरळ होईनात. अंगठ्याच्या मुळाशी मागच्या बाजूला मांस असतं ते आटून तिथं खड्डा पडला होता. ती सारखा हात झटकायची. अंथरुणावर बसून चादरीवरच्या मुंग्या वेचायची, आणि चादरीवर एकही मुंगी नसायची. "माझ्या हातावर कुणीतरी बसलंय," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. शेजारपाजारचे मान हलवायचे आणि दाराबाहेर गेल्यावर एकमेकांकडे बघायचे. म्हातारीचं डोकं फिरलंय, असंच सगळ्यांनी धरलं. सुईबाईंनीही तेच धरलं.

मग एका संध्याकाळी मावशीनं तो हात पुढे केला. "जरा चोळून दे गं," ती म्हणाली. आयुष्यभरात तिनं काही मागितलं असेल तर हे एवढंच. सुईबाई तेव्हा सव्वीस वर्षांच्या होत्या. त्यांनी हात हातात घेतला. तो गार होता, हाडकुळा होता, आणि वळलेली दोन बोटं त्यांच्या तळव्याला अशी लागली की अंगावर सर्रकन काटा आला. त्यांनी हात सोडला. "चहा ठेवते," म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन पाणी उकळून आटेपर्यंत तिथंच उभ्या राहिल्या. चार दिवसांनी मावशी गेली.

लाज वाटण्यासारखीच ही गोष्ट होती आणि सुईबाईंना ती वाटत होती. पंचवीस वर्षांत ती कमी झाली नव्हती. मावशी गेल्यावर त्यांनी खुर्ची घेतली ती झपाटल्यासारखी. खुर्ची घासली, टेबल खरवडलं, मावशीनं शेवटी शेवटी त्याच्यावर जे काही ठोकून-चिकटवून ठेवलं होतं ते उचकटून फेकलं, आणि कोपर खळग्यात रोवून बसल्या. निदान तिचा नियम तरी मोडायचा नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

तर त्या मंगळवारानंतर करंगळी धरणारं कुणीतरी वरचेवर येऊ लागलं. काम सुरू होऊन तासभर झाला की यायचं. आधी मुंग्या, मग बारीकशी ओढ, मग बोट जणू बर्फात. हात झटकला की जायचं. पुढे झटकूनही जाईना. फोन कानाला धरला की यायचं, पुस्तक वाचायला घेतलं की यायचं. सुईबाईंच्या लक्षात आलं की कोपर दुमडलं की ते येतं. पण लक्षात आलं म्हणून भीती गेली नाही. उलट त्यांना वाटलं, मावशी अजून कोपराकडेच बघत असते.

एका दुपारी जेवणानंतर त्या बाकावर आडव्या झाल्या, डावा हात दुमडून गालाखाली घेतला आणि डोळा लागला. जाग आली तेव्हा गालाखाली एक हात होता. माणसाचा, गार, जड. तो त्यांचा नव्हता. त्यांनी उजव्या हातानं तो मनगटाला धरून उचलला, तरी त्याला काही कळलं नाही आणि त्यांनाही काही कळलं नाही. त्यांनी तो दूर फेकला, तर खांद्याला हिसका बसला आणि हात परत येऊन पोटावर पडला. मग हळूहळू खांद्यापासून आग उतरत आली आणि हात पुन्हा त्यांचा झाला. शेवटची दोन बोटं मात्र झाली नाहीत. ती तशीच राहिली, उसनी आणल्यासारखी.

नवरा सुतार. बोलका माणूस, घरात रंधा बंद असला तरी तोंड चालू. त्यानं पाहिलं की बायकोच्या हातून कप निसटतोय, गुंड्या लागत नाहीत, कुलपात किल्ली फिरत नाही. म्हातारी झालीस, तो म्हणाला, आता सुईऐवजी सुंभ ओव. सुईबाई हसल्या आणि हात पदराखाली घेतला. तो टेबलाबद्दलही बोलला. गेली वीस वर्षं तो खळगा त्याच्या डोळ्यांत खुपत होता. एकदा रंधा मारला की कड सरळ होईल, अर्ध्या तासाचं काम, असं तो दरवर्षी म्हणायचा आणि सुईबाई दरवर्षी म्हणायच्या, "मावशीच्या टेबलाला हात लावाल तर बघा." ह्या वेळीही त्या तेच म्हणाल्या.

मग डाग सुरू झाले. इस्त्रीकाका म्हणजे तीस-पस्तीस वर्षं पुढच्या खोलीत इस्त्री करणारा माणूस, वाफेत राहून राहून उकडलेल्या बटाट्यासारखा झालेला. फार बोलत नसे. तो एक फिकट रंगाचा कोट घेऊन आत आला आणि त्यानं अस्तर उलटून दाखवलं. रफू सुरेख होता. त्याच्या मागच्या बाजूला पाच तांबडे ठिपके होते, मोहरीएवढे, एका रेषेत. "हे धुताना नव्हते," तो म्हणाला. सुईबाईंनी कानांवर हात ठेवले. कोट थंड पाण्यानं पुसून दिला. आठवड्यानं एक पांढरा शर्ट आला, त्याला सात ठिपके. मग एक मफलर. इस्त्रीकाका कपडा टेबलावर ठेवायचा आणि न बोलता परत जायचा, आणि हे न बोलणं सुईबाईंना जास्त लागायचं.

कुणाचं रक्त हे, त्यांना खरोखर कळत नव्हतं. आपल्याला टोचलं असतं तर दुखलं नसतं का? आपण काम करतो तेव्हा टेबलाखाली आणखी एक हात असतो, असं त्यांच्या मनानं घेतलं. एकदा तर त्यांनी सुई थांबवून, श्वास रोखून, वाकून खाली पाहिलं. स्वतःच्या चपला दिसल्या.

हात आता बदलू लागला होता. अंगठा आणि पहिलं बोट ह्यांच्या मधला उंचवटा बसला, तिथं खड्डा दिसू लागला. करंगळी बाकीच्या बोटांजवळ राहीना, बाहेर फाकायची, खिशात हात घालताना अडकायची. मग ती आणि तिची शेजारीण आत वळू लागली. सुईबाईंनी आंघोळीच्या वेळी हात उजेडात धरला. तो हात त्यांनी ओळखला. पंचवीस वर्षांपूर्वी त्यांनी तो सोडून दिला होता आणि आता तो त्यांच्याच खांद्याला येऊन लागला होता.

त्या दिवसापासून त्या रोज मनातल्या मनात मावशीची माफी मागू लागल्या. हात घे, पण काम घेऊ नकोस, असं म्हणायच्या. कामाशिवाय आपण कोण, हे त्यांना सांगता आलं नसतं. आणि हात गेला की काम गेलं, हे त्यांना अगदी पक्कं माहीत होतं.

शेवटी पावसाळी कोट दुरुस्तीला येण्याच्या दिवसांत, एका शनिवारी, चार वाजता पुढच्या खोलीतून हाक आली. सुईबाई एका जाड काळ्या कोटाचं काम करत होत्या. त्यांनी सुई ठेवली, कोट टेबलावर सोडला आणि उठल्या.

कोट त्यांच्याबरोबर उठला.

त्या दाराकडे दोन पावलं गेल्या, कोटही दोन पावलं आला, बाह्या जमिनीवरून ओढत. त्यांनी हात झटकला, कोटानं बाह्या झटकल्या. तेवढ्यात इस्त्रीकाका दारात आला आणि जागच्या जागी थबकला. मग पुढे होऊन त्यानं कोटाची कड उचलून पाहिली. अनामिकेच्या टोकाची कातडी कापडाला शिवलेली होती. नीट, एकसारखे, सहा टाके. त्यातला एकही टाका वरून दिसत नव्हता.

इस्त्रीकाकानं कात्री घेऊन एकेक टाका कापला. सुईबाई बघत होत्या, कुणा दुसऱ्याच्या बोटाकडे बघावं तशा. काही दुखत नव्हतं, तेच भयंकर होतं. संध्याकाळी नवरा घ्यायला आला तेव्हा इस्त्रीकाकानं त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. त्या रात्री घरात कुणी थट्टा केली नाही.

मोठ्या दवाखान्यात नसांच्या तपासणीला गुरुवारचा दिवस ठरलेला होता. बाकांवर माणसं बसली होती आणि ती सगळी काहीतरी झटकत होती. एक ट्रकचालक दर दोन मिनिटांनी उजवा हात थर्मामीटर झटकावा तसा झटकायचा. पहाटे अंगठा आणि शेजारची दोन बोटं मरून जातात, स्टिअरिंग धरवत नाही, असं तो सांगत होता. शेजारी दिवस भरत आलेली एक पोरगी, अंगावर सूज, दोन्ही हातांची तीच तऱ्हा. फरश्या बसवणारा एक गडी होता, उकिडवं बसून बसून त्याचं एक पाऊल लुळं पडलं होतं आणि चालताना जमिनीवर फटकन आपटायचं. एक जाडजूड गृहस्थ पट्टा सैल करून बसले होते. मांडीची बाहेरची बाजू चटका बसल्यासारखी जळते, पँट टेकलेली सोसत नाही, अशी त्यांची तक्रार. सुईबाई ह्या झटकणाऱ्या लोकांकडे बघत राहिल्या. ह्या सगळ्यांना कुणी धरलंय, आणि इतक्या मावश्या आल्या कुठून, असं त्यांच्या मनात आलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बाह्या वर सारून काम करणाऱ्या. त्यांनी साखर आहे का विचारलं, कधी हात मोडला होता का, झोपता कशा, हे विचारलं. अंगठा आणि पहिलं बोट ह्यांत एक कागद धरायला दिला आणि तो अलगद ओढून घेतला. सुईबाईंना धरून ठेवता आला नाही. मग त्यांनी कोपराच्या आतल्या बाजूला, दोन हाडांच्या मधल्या खोबणीवर, बोटानं टकटक केलं. करंगळीला झटका बसला आणि सुईबाई वळून मागे पाहू लागल्या.

"मागे कोण आहे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

सुईबाईंनी मान पुन्हा समोर वळवली. तारा लावून विजेची तपासणी झाली. वरून सोडलेली वीज दंडातून बरी यायची आणि कोपरापाशी येऊन रेंगाळायची, हे पडद्यावरच्या रेघांवरून सुईबाईंनाही दिसलं. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज काम करता तशा बसून दाखवा.

सुईबाई टेबलापाशी बसल्या. उजवा हात हवेत सुई धरल्यासारखा उचलला, डावा हात पुढे घेतला, आणि डावं कोपर टेबलाच्या कडेवरून सरकू लागलं. थोडं पुढे गेलं, थोडं मागे आलं, पुन्हा पुढे गेलं. सुईबाईंना त्याचा पत्ताही नव्हता. ते आपलं आपणच चाचपत होतं, अंधारात खुंटी शोधावी तसं.

"काय शोधताय?"

"जागा," सुईबाई म्हणाल्या आणि स्वतःच दचकल्या. "कोपराची जागा. आमच्या टेबलाला आहे."

"आणि तुमच्याआधी त्या जागेवर कोण बसायचं?"

तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. खळगा, पट्टी, वळलेली बोटं, चादरीवरच्या मुंग्या. चहा ठेवायला गेल्या तेसुद्धा सांगितलं, आणि शेजारी बसलेल्या नवऱ्यानं ते पहिल्यांदाच ऐकलं. डॉक्टरीणबाईंनी मधे तोंड घातलं नाही. मग त्यांनी सुईबाईंचाच हात धरून समजावलं. कोपर आपटलं की झिणझिण्या येतात ना, ती नस ही. दंडातून येते, कोपरामागच्या खोबणीतून जाते आणि शेवटच्या दोन बोटांना पोचते. खोबणीत तिच्यावर कातडीशिवाय काही नाही. खळग्याची कड रोज आठ तास नेमकी तिथं रुतायची, वर कोपर दुमडलेलं, म्हणजे नस आणखी ताणलेली. आधी ती मुंग्या पाठवते, मग बधिर होते, मग तिच्यावर चालणारं हाताचं मांस सुकतं, बोटं वळतात. "तुमच्या मावशीचं डोकं ठिकाणावर होतं," त्या म्हणाल्या. "हातावर बसलंय म्हणत होत्या, ते खरंच होतं. टेबल बसलं होतं."

भूत नाही कळल्यावर माणसाच्या जिवात जीव यायला हवा. सुईबाईंना रडू आलं. म्हणजे ती शहाणी होती आणि आपण तिला वेडी ठरवून तिचा हात टाकून दिला. ती भुतापेक्षा वाईट गोष्ट होती.

कोपराची शस्त्रक्रिया ठरली. नस मोकळी करायची. सुकलेलं मांस किती भरेल, बोटं किती सुधारतील, डॉक्टरीणबाई छातीठोकपणे सांगेनात. उशीर झालाय, एवढं त्यांनी लपवलं नाही.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी नवरा रंधा घेऊन लाँड्रीत आला आणि ह्या वेळी सुईबाईंनी अडवलं नाही. त्यानं टेबल आडवं करून दिवा जवळ ओढला, खळग्यावरून अंगठा फिरवला आणि रंधा न मारताच थांबला. इकडे ये, तो म्हणाला. खळग्याच्या भोवती चार बारीक भोकं होती, चार कोपऱ्यांना चार. एकात निळ्या लोकरीचा तंतू अडकला होता.

"इथं काहीतरी ठोकलं होतं," तो म्हणाला. "गादीसारखं. कुणी काढलं?"

सुईबाईंना आठवलं. पहिल्या दिवशी टेबल खरवडताना त्यांनी पकडीनं उचकटून टाकलेला तो मळका निळा चौकोन, चार घड्यांचा, मावशीच्या अंगावरच्या जुन्या कोटाचा. मावशी लोकरीचा धागासुद्धा वाया घालवायची नाही आणि तिनं स्वतःचा कोट कापला होता. सुईबाईंनी तो चिमटीत धरून कचऱ्यात टाकला, कारण कोपर लाकडालाच टेकलं पाहिजे असा नियम होता, आणि कारण त्याला त्या हाताचा वास येत होता.

इस्त्रीकाका कधी येऊन दारात उभा राहिला, कुणाला कळलं नाही. "तिनं कामावरच्या शेवटच्या आठवड्यात ठोकलं ते," तो म्हणाला. "सुई धरवत नव्हती, कपडा एकही घेतला नव्हता. हातोडी मात्र माझ्याकडून मागून नेली. मी म्हटलं, मावशी, आता कशाला? तर म्हणाली, पोरीला बसायचंय."

पंचवीस वर्षांत हे सांगावंसं तुला एकदाही वाटलं नाही का, असं नवरा त्याच्यावर डाफरला. कुणी विचारलंच नाही, इस्त्रीकाका म्हणाला. ते खरंच होतं. सुईबाई त्या चार भोकांवर बोट ठेवून उभ्या होत्या, आणि बोट होतं डाव्या हाताची करंगळी, म्हणून भोकं किती खोल आहेत ते त्यांना कळत नव्हतं.

शस्त्रक्रिया झाली. कोपरावर वीतभर टाका पडला आणि तो इतका ओबडधोबड होता की सुईबाईंनी डॉक्टरीणबाईंना तसं तोंडावर सांगितलं. नस सुधारली तरी रोज केसभरच पुढे सरकते, कोपरापासून करंगळीपर्यंत यायला वर्षाच्या आसपास लागेल, आणि न आली तर न आली, असं त्यांना सांगून ठेवलं होतं. घरी निजताना त्या कोपराला टॉवेल गुंडाळत, म्हणजे ते दुमडत नसे. लाँड्रीत नवऱ्यानं टेबलाची कड सरळ केली, गोल केली, आणि तिच्यावर जाड निळ्या लोकरीची गादी ठोकली. चार घड्या सुईबाईंनी स्वतः घातल्या. खालच्या हाताचं काम त्या मधल्या बोटानं शिकू लागल्या, एक्कावन्नाव्या वर्षी, नव्या पोरीसारख्या, आणि रफू दिसायचा. गिऱ्हाइकं काही बोलत नसत, पण कोट उजेडात नेऊन विचारणंही थांबलं होतं. शेवटची दोन बोटं कापडाखाली तशीच पडून असत, गार आणि मुकी.

हिवाळा गेला. उन्हं तापली. एका दुपारी त्या एकट्याच होत्या. मागे कोट टांगलेले, समोर दिवा, कोपर लोकरीवर, तेही सैल. सुई ओवली, आणि डाव्या हाताची करंगळी कुणीतरी चिमटीत धरली.

जाणीव परत येताना आधी मुंग्या येतील, ओढ लागेल, घाबरू नका, चांगली खूण आहे ती, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. सुईबाईंना ते शब्द न् शब्द आठवत होतं. तरीही त्यांनी वळून मागे पाहिलं. कोट होते. पकड ओळखीची होती, सैल, सुटली तर सुटली अशी.

ह्या वेळी त्यांनी हात झटकला नाही. सुई कापडात टोचून ठेवली, डावा हात मांडीवर घेतला आणि उजव्या हातानं ती वळलेली बोटं हळूहळू चोळू लागल्या. बोटं गार होती, हाडकुळी होती. पुढच्या खोलीतून इस्त्रीकाकानं दोनदा विचारलं, चहा कोण ठेवतंय.

सुईबाई उठल्या नाहीत.